पहाटे मैदानावर पळणाऱ्या खान्देशातल्या पोरापोरींना खुलं पत्र

पोरींनो, पोरांनो,

तुमच्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही, पण रोज बघते तुम्हाला. मी धुळ्याला देवपुरात राहते. पस्तीस वर्षं पोलीस खात्यात काढली, ३१ मे २०२४ ला सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. तरी पहाटे पावणेपाचला डोळे उघडायचे ते उघडतातच. चहाची वाट न बघता बाहेर पडते, तर तोवर तुमच्या दोन फेऱ्या झालेल्या असतात. कानाला रुमाल, कुणाच्या पायात चांगले बूट, कुणाच्या शाळेतलेच कॅनव्हासचे. परवा एक पोरगी आठशे मीटर संपवून गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. तिची मैत्रीण मोबाइलकडे बघून म्हणाली, "दोन-चोपन्न." पोरगी काही बोलली नाही. बुटाची नाडी सोडली, पुन्हा घट्ट बांधली आणि परत रेषेवर जाऊन उभी राहिली. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत काढलं तर २० पैकी २० गुण. वरचे ते चार सेकंद घालवायला कधी कधी दोन महिने लागतात. त्या पोरीला हाक मारून काहीतरी सांगावं असं फार वाटलं. काय सांगायचं ते तेव्हा सुचलं नाही. घरी येऊन बसले आणि लिहायला घेतलं.

२०२४ च्या भरतीत राज्यात १७ हजारांवर जागा होत्या आणि अर्ज आले १७ लाखांवर. इंजिनिअर झालेली पोरं शिपायाच्या रांगेत उभी राहिली. आपल्याकडचं तर विचारूच नका. कापसाचा भाव मागच्या वर्षासारखा यंदा राहत नाही, रावेर-यावलकडे उभी केळी एका वादळात आडवी होते, आणि पोरगा डिग्री घेऊन कंत्राटी कामावर. अशा घरात एक सरकारी पगार आला की आईच्या औषधापासून बहिणीच्या लग्नापर्यंत सगळं त्याच्यावर उभं राहतं. तुम्ही का पळता, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

मीही त्याचसाठी पळाले होते. माझे वडील सालदार. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, साल ठरायचं आणि पुढच्या आखाजीपर्यंत ते त्याच मालकाचे. गावातल्या पोरी आखाजीला झोक्यावर बसून गाणी म्हणायच्या, आणि आमची आई त्या दिवशी सकाळपासून गप्प असायची. यंदा धान्य किती, पैसे किती, मालक काय म्हणतो. १९८९ मध्ये धुळे जिल्ह्यात भरती निघाली, आमच्या मराठीच्या सरांनी अर्ज आणून दिला, आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती: वडिलांना पुढच्या आखाजीला कोणाच्या ओट्यासमोर उभं राहावं लागू नये. देशसेवा, समाजसेवा यातलं काही मनात नव्हतं. तुमच्याही नसेल तर त्याची लाज बाळगू नका. अकॅडमीच्या कार्यक्रमात कोणी माइक पुढे करून "पोलीस का व्हायचंय?" विचारलं, तर पाठ केलेलं उत्तर देऊ नका. खरं ते सांगा.

पण पगाराच्या जोरावर हे काम किती दिवस मनापासून होतं? पाच वर्षं, सात वर्षं. मग एकामागून एक बंदोबस्त, रात्रगस्त, समन्स, कोर्ट, पुन्हा बंदोबस्त. माणूस आतून सुकतो. समोर रडणारी बाई असली तरी त्याची नजर घड्याळावर असते. असे सहकारी मी पुष्कळ पाहिले, त्यांना वाईट म्हणायची माझी छाती नाही, कारण मीही त्याच वाटेवर होते. आणि थोडे असेही पाहिले, की रात्री दोनला हाक आली तरी ज्यांच्या कपाळावर आठी नाही. निवृत्तीला महिना उरलेला असताना बेवारस प्रेताची ओळख पटावी म्हणून गावोगाव फिरणारे. मला वाटायचं, हे लोक जन्मतःच असे असतील. तसं नसतं.

श्रावणातल्या कहाण्या तुम्ही घरात ऐकल्या असतील. "बाई बाई, कसला वसा वसता? तो आम्हाला सांगा." मग उत्तर येतं, "तुला कशाला हवा वसा? उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील." आणि विचारणारी म्हणते, उतणार नाही, मातणार नाही. या कामाची खरी ओढ ज्यांना लागली, त्या सगळ्यांना कोणी ना कोणी तो वसा दिलेला होता. कोणी एका अपघातानं, कोणी एका पोरक्या पोरानं. मला तो एका बाईनं दिला. तिला ते कधी कळलं नाही.

१९९४ सालची होळी होऊन आठेक दिवस झाले होते. सातपुड्याच्या पायथ्याचं एक ठाणं. नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. साहेब दौऱ्यावर, ठाणे अंमलदार जेवायला गेलेले, टेबलावर मी. भर दुपारी एक पावरा आदिवासी बाई आली आणि उंबऱ्याबाहेरच बसली. दिवाळीनंतर आपल्या डोंगरपट्ट्यातली किती घरं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात, ते तुमच्यापैकी धडगाव-अक्कलकुव्याकडच्यांना मी सांगायला नको. मुकादम उचल देतो, ट्रक येतो, अख्खे पाडे रिकामे होतात. पण होळीला माणूस कुठेही असला तरी घर गाठतो. तिच्या पाड्यावरचे सगळे आले होते, तिची पोरगी आली नव्हती. एवढंच मला समजलं, तेही ती पुन्हा पुन्हा "होळी" म्हणत होती आणि हात पश्चिमेकडे करत होती म्हणून. तिची पावरी मला येत नव्हती, माझी मराठी तिला येत नव्हती. अहिराणीत विचारून पाहिलं, तेही पोचलं नाही.

मग तिनं पदराची गाठ सोडली. आतून एक कागद काढला, चार घड्यांचा, घामानं कापडासारखा मऊ झालेला. माझ्या टेबलावर ठेवला आणि तळहातानं तीनदा दाबून सपाट केला. दोन ओळी होत्या. अक्षरं आपल्यासारखीच, पण डोक्यावर रेघ नाही. गुजराती. मला वाचता येईना.

मी म्हणाले, "हद्द आपली नाही. उद्या ये, साहेब असतील."

तिनं कागदाच्या घड्या जशाच्या तशा घातल्या. गाठ मारली. गेली. नंतर दोनदा येऊन गेली असं कळलं, तेव्हा मी ड्युटीवर नव्हते. मग आलीच नाही.

ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर एक पावरा पोरगा काम करायचा. त्याला नुसती हाक मारली असती, तर पाच मिनिटांत सगळं कळलं असतं. मिसिंग नोंदवता आली असती, बिनतारी संदेश देता आला असता. मला ते सुचलंच नाही. तीस वर्षं झाली, ते न सुचणं मला अजून रात्री उठवतं. त्या पोरीचं नाव मला माहीत नाही. वय माहीत नाही, पाडा माहीत नाही. पुढे ती घरी आली की नाही, माहीत नाही. कुठल्याही रजिस्टरात ती सापडणार नाही, कारण मी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

त्यानंतर मी गुजराती वाचायला शिकले. पुस्तक वगैरे घेऊन नाही. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे, तिथल्या पाट्यांवर दोन्ही लिप्या आहेत. कामानिमित्त जाणं झालं की मी पाटीखाली उभी राहून एकेक अक्षर जुळवायची. पुढे सात-आठ वर्षांनी सुरतच्या हमरस्त्यावर नाकाबंदीला उभी असताना एक ट्रक थांबवला. पाठीमागे मोठ्या अक्षरांत मालकाचं नाव आणि गाव. मी सवयीनं अक्षरं लावत गेले. बा. र. डो. ली. आणि माझा हात तसाच राहिला. त्या कागदावरच्या पहिल्या ओळीतलं पहिलं अक्षर, त्याच्या पुढचं, ती वळणं. बारडोली. बाईनं गावाचं नाव लिहून माझ्यासमोर ठेवलं होतं.

ट्रकवाला विचारत होता, जाऊ का बाई. मी त्याला जायला सांगितलं.

तर वसा म्हणजे हा. ठाण्यात जो येईल त्याला आधी बसवायचं, आणि त्याचं नाव-गाव लिहिल्याशिवाय त्याला "उद्या ये" म्हणायचं नाही. भाषा येत नसेल तर येणारा माणूस शोधायचा, मग तो टपरीवरचा असो, बस स्टँडवरचा असो. ऐकायला फार साधं वाटतं ना? रात्री ड्युटीच्या बाराव्या तासाला करून बघाल तेव्हा कळेल.

तुमच्या लेखी परीक्षेत १०० गुण आहेत. अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण. मैदानाचे ५०. पळणं मोजतात, गोळा किती लांब गेला ते मोजतात. समोरच्याचं ऐकून घेता येतं का, हे कुठेच मोजत नाहीत, आणि पहिल्या नेमणुकीपासून शेवटच्या दिवसापर्यंत काम तर तेच असतं. गुन्हेगाराच्या मागे धावायची वेळ माझ्यावर पस्तीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतकी आली. टेबलावर बसून लिहून घ्यायची वेळ रोज आली.

फिर्यादीच्या जबाबाची भाषा तुम्ही शिकाल. "समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून लिहून देते की" अशी सुरुवात. लिहितो आपण, पण शब्द आहे "लिहून देते". त्या एका शब्दात सगळा विश्वास आहे. आणि शेवटी, "माझा वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे." मग सही किंवा अंगठा. हे वाचून दाखवणं पुष्कळ ठिकाणी होत नाही, नुसतं लिहिलेलं असतं. मी एकदा एका बाईचा जबाब वाचून दाखवत होते. नवऱ्यानं मारलं होतं, हनुवटीला तीन टाके. मी सवयीनं लिहून गेले होते, "किरकोळ कारणावरून वाद होऊन". तिनं मला थांबवलं. म्हणाली, "ताई, किरकोळ नव्हतं ते. पोरीच्या परीक्षेच्या फीचे पैसे होते." मी ते खोडलं, तिचं वाक्य जसंच्या तसं घातलं, खाडाखोडीवर सही केली. "किरकोळ कारणावरून" हे दोन शब्द पोलिसांच्या कागदात हजारो वेळा येतात. त्यानंतर माझ्या हातून ते पुन्हा लिहिले गेले नाहीत.

आणि हे सगळं वाईटच असतं असंही नाही. मृगाच्या आधी एकदा एक आबा आले, बैल चोरीला गेला म्हणून. पांढरं धोतर, हातात रिकामी वेसण. आमच्यातला एक जण हसला. आबा म्हणाले, "ताई, पेरनी तोंडवर शे, आते काय करू?" मी त्यांना बसवलं आणि बैलाचं वर्णन विचारलं. अर्धा तास सांगत होते. रंग, शिंगांचा वळसा, डाव्या कानाला लहानपणी काट्यानं पडलेली चीर, चालताना उजवा पाय जरा बाहेर टाकतो. बोलता बोलता त्यांचा आवाज ताळ्यावर आला. मी सगळं लिहिलं, पायाचं सुद्धा. बारा दिवसांनी गुरांच्या बाजारात बीटचा हवालदार उभा होता. रंग मारलेला होता, शिंगं घासलेली होती, पण बैल चालला आणि उजवा पाय बाहेर पडला. मग कान बघितला. आबांनी ठाण्याच्या आवारात त्या बैलाच्या गळ्यात हात टाकला. त्या दिवशी मी घरी गेले तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. अजूनही त्यांचा मुलगा आखाजीला फोन करतो.

तुमच्यात जे पावरी, भिलोरी, मावची बोलतात, त्यांना एक वेगळं सांगायचं आहे. वर्गात, हॉस्टेलवर तुम्ही ती भाषा दबक्या आवाजात बोलता, मी ऐकलंय. धरणगावला १८२५ साली आउट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं भिल्ल पलटण उभी केली. त्याचा हेतू इंग्रजी राज्याचा होता, त्याचं कौतुक करत नाही. पण डोंगर कळायचा तर डोंगरातली माणसं हवीत, हे त्याला दोनशे वर्षांपूर्वी समजलं होतं. त्या दुपारी टेबलावर माझ्या जागी तुमच्यापैकी कोणी असती तर ती पोरगी आज रजिस्टरात तरी असती. तुमची भाषा खात्याला तुमच्या छातीच्या मापाहून जास्त हवी आहे. ती ताठ मानेनं घेऊन या.

१ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, मनुष्यबळाची वाटणी झाली आणि मी नंदुरबारच्या वाट्याला आले. तिथे दर ९ सप्टेंबरला शिरीषकुमारच्या स्मारकाजवळ बंदोबस्त असतो. १९४२ साली त्याच तारखेला हातात तिरंगा घेतलेला तो पंधरा वर्षांचा पोरगा आणि त्याचे चार साथी गोळीबारात गेले. शाळेची पोरं रांगेत येतात, फुलं वाहतात. एका वर्षी चौथी-पाचवीतली एक मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, त्याला कोणी मारलं?" मी तिला खरं सांगितलं. पोलिसांनी मारलं. तिनं माझ्या वर्दीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. इंग्रजांचे पोलीस होते, असं मी पुढे म्हणाले. पण गोळी झाडणारे हात बहुतेक आपल्याच मातीतले असणार, हे मला त्या क्षणी ठाऊक होतं, आणि वर्दी घालताना त्या मुलीची नजर मला पुढे कित्येक वर्षं आठवत राहिली. ज्यांना ही वर्दी घालायची आहे त्यांनी एकदा त्या स्मारकाजवळ जाऊन उभं राहावं. रील काढायला नको. नुसतं उभं राहावं.

आणि साक्री तालुक्यातलं राईनपाडा तुम्हाला आठवत असेल, तुम्ही तेव्हा शाळेत असाल. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली म्हणून मोबाइलवर अफवा फिरत होत्या. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. मी त्या तपासात नव्हते, पण त्यानंतर महिनाभर आम्ही सगळेच गावोगाव बैठका घेत फिरत होतो. एका गावात मी विचारलं, अनोळखी माणूस गावात आला तर पहिल्यांदा काय करायचं? कोणी म्हणालं पकडायचं, कोणी म्हणालं बांधायचं. मागे बसलेली एक म्हातारी अहिराणीत म्हणाली, "आधी त्याले पाणी द्या, मंग इचारा." त्या बैठकीत मी जे काही बोलले ते कोणाला आठवत नसेल, म्हातारीचं आठवत असेल. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयानं त्या खटल्यात सात जणांना जन्मठेप दिली. हजारोंच्या गर्दीतून कोणी काय केलं हे ठरतं ते पंचनाम्यांवर, जबाबांवर, त्या वेळी कोणीतरी थरथरत्या हातानं का होईना, नीट लिहून ठेवलेल्या कागदांवर.

आता त्रासाचं. ते लपवून तुम्हाला बोलावणार नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीच्या थंडीत, तापीच्या काठी मी सलग ड्युटी केली आहे. घोडे बघायला लाखो माणसं, आणि आम्हा बायकांना लघवीला जायला जागा नाही, म्हणून दुपारनंतर पाणी पिणं बंद. मूतखड्याचा त्रास मला तिथून लागला. मोबाइल टॉयलेट आता बऱ्याच ठिकाणी येतात, सगळीकडे नाही. महिला अंमलदारांना आठ तासांची ड्युटी द्यायचा आदेश २०२२ साली निघाला. ठाण्यात माणसंच कमी असली की तो आदेश पाळणं किती अवघड होतं, ते तुम्ही बघालच. माझ्या मुलाचा दहावीचा निकाल मला नाक्यावर कळला. सासूबाई गेल्या तेव्हा मी एका केसमधल्या मुलीला घेऊन कोर्टात होते, तिची साक्ष होती, ती माझा हात सोडायला तयार नव्हती. मी थांबले. घरच्यांनी मला ते माफ करायला वेळ घेतला.

पैशाबद्दलही बोललं पाहिजे, कारण तुमच्या काही अकॅडमींत "एकदा लागलो की वसूल करू" अशी भाषा चालते, ती माझ्या कानावर आलेली आहे. पहिली नोट फार लहान असते. रजिस्टरखाली सरकवलेली असते आणि देणारा हात जोडतो. ती घेतली की तुमचं टेबल विकलं गेलं. मग पैसे देणाऱ्याचं आधी लिहिलं जातं, आणि पदराच्या गाठीत फक्त कागद असलेली बाई उंबऱ्याबाहेर बसून राहते. हात उचलण्याचंही तसंच आहे. तुम्हाला कोणी सांगेल की दोन दिल्याशिवाय कोणी बोलत नाही. पोलिसापुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हे कायद्यात इंग्रजांच्या काळापासून लिहिलेलं आहे. मारून मिळतं ते बहुतेक वेळा समोरच्याला तुमच्याकडून जे ऐकू आलं तेच असतं.

मी निवृत्त झाले आणि महिन्याभरात, १ जुलै २०२४ ला, नवे कायदे लागू झाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ मी घरी बसून वाचलं. गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती देणारा ज्या ठाण्यात येईल तिथे ती घ्यायची, शून्य क्रमांकानं नोंदवायची आणि मग हद्दीच्या ठाण्याकडे वर्ग करायची. प्रत फिर्यादीला फुकट द्यायची. पुढे तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत त्याला कळवायचं, हेही आता कायद्यात आहे. दखलपात्र गुन्हा असेल तर नोंद टाळता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच सांगून ठेवलं होतं. मी ते कलम दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. "हद्द आपली नाही" हे वाक्य म्हणायची सोय तुम्हाला राहिलेली नाही. मला याचा फार आनंद झाला, पोरांनो. तुम्ही कलमं पाठ करता तेव्हा १७३ नुसतं पाठ करू नका, प्रत्येक शब्दामागे एक माणूस उभा करून वाचा.

भरती कधी निघेल ते तुमच्या हातात नाही. तोवर पळणं चालू ठेवा, गणितं चालू ठेवा, आणि त्याबरोबर एक करा. घरात आजी-आजोबा असतील, शेजारी कोणी म्हातारं असेल, त्यांच्यासमोर वही घेऊन बसा. त्यांच्या आयुष्यातला एक दिवस विचारा. मधे बोलू नका. ते ज्या भाषेत सांगतील त्याच भाषेत, त्यांच्याच शब्दांत लिहा, आणि शेवटी त्यांना वाचून दाखवा. ते म्हणतील, "नाही रे, असं नव्हतं." मग खोडा आणि पुन्हा लिहा. ते "हां, असंच झालतं" म्हणेपर्यंत लिहा. पहिल्या वेळी फार कंटाळा येईल. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यांचा आवाज कुठे बदलतो ते कळायला लागेल.

निवड न झालेल्यांसाठीही हे लिहिलंय. १७ लाखांतले बहुतेक जण मागे राहणार, ते गणित तुम्हाला माझ्याहून चांगलं येतं. ग्रामपंचायतीत, दवाखान्याच्या खिडकीत, तहसीलच्या आवारात, जिथे जाल तिथे कोणीतरी उंबऱ्याबाहेर बसलेलं असेलच.

दर रविवारी सकाळी साडेसहा ते आठ मी मैदानाच्या पूर्वेकडच्या कठड्यावर बसलेली असते, निळी शाल असते माझ्या अंगावर. लिहिलेल्या वह्या घेऊन या, मी वाचेन. ज्यांना पावरी येते त्यांनी जरा लवकर या. मला ती अजून धड बोलता येत नाही, शिकायची आहे. आणि ती दोन-चोपन्नवाली पोरगी हे वाचत असेल, तर तिनं शेवटच्या वळणावर खांदे सैल सोडावेत. ती तिथे आखडते, चार सेकंद तिथेच जातात.

तुमची,
एक निवृत्त सहायक फौजदार, धुळे